मुख्य पाहुण्यांच्या जागी

सभागृहात एसी चालू असला की समई टिकत नाही, आणि समई पेटल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. आमचं सभागृह ज्यांनी बांधलं त्यांना ही गोष्ट कोणी सांगितली नसावी. मंचाच्या बरोबर वर त्यांनी एसीची मोठी जाळी बसवली, आणि समई जिथे शोभून दिसते ती जागा नेमकी त्या जाळीखाली येते. समई बाजूला सरकवून पाहिली, तर ती फोटोत येत नाही. आडोसा लावून पाहिला, तर तो फोटोत येतो. शेवटी आम्ही एक पद्धत ठरवून टाकली. पाहुण्यांची गाडी आत आली की फाटकावरचा रखवालदार मला फोन करणार, मी हात वर करणार, ऑपरेटर एसी बंद करणार. पाहुणे वाती लावतात, टाळ्या होतात, पाहुणे सोफ्यात टेकतात आणि एसी पुन्हा चालू होतो. मधल्या वेळात सभागृह तापतं. पनवेलच्या हवेत त्याला फार वेळ लागत नाही.

अशा पद्धती मी पुष्कळ पाडल्या आहेत. एका विद्यापीठाच्या सभागृहाची मी समन्वयक आहे. म्हणजे माइक, प्रोजेक्टर, दिवे, पडदे, कॅमेरे हे सगळं माझ्या अंगावर, आणि या यंत्रांपुढे उभी राहणारी माणसंही माझ्याच अंगावर. यंत्रांचं बरं असतं. बिघडली की बिघडली म्हणून सांगतात. माणूस 'दोनच मिनिटं बोलतो' म्हणून माइक हातात घेतो आणि सोडत नाही.

सभागृहाच्या मागच्या बाजूला काचेची एक खोली आहे, तिला आम्ही कंट्रोल रूम म्हणतो. तिच्या भिंतीवर माझ्या सूचना प्लास्टिकमध्ये घालून लावलेल्या आहेत. माइकचे सेल प्रत्येक कार्यक्रमाला नवे घालावेत. पाहुण्यांचा पेनड्राइव्ह त्यांच्या देखत उघडून पाहावा. राष्ट्रगीताची फाइल वेगळी ठेवावी, तिच्यामागे दुसरं गाणं लागू नये. आणि सगळ्यांच्या वर, लाल अक्षरात: कुलसचिवांच्या सूचनेशिवाय लाइव्ह सुरू करू नये. हा नियम एका विभागप्रमुखांमुळे आला. चाचणी चालू असताना लाइव्ह चुकून सुरू राहिलं, आणि मंचावरच्या सोफ्यावर बसून निवांत मोजे बदलणारे ते सर घरोघरी दिसले.

माझं एक काम मात्र या भिंतीवर कुठे लिहिलेलं नाही. ते काम म्हणजे उभं राहणं. कुठलाही मोठा समारंभ असला की आदल्या दिवशी मी मंचावर मुख्य पाहुण्यांच्या जागी उभी राहते, आणि माझ्यावर दिवे आणि कॅमेरा लावून घेतात. माझी उंची सर्वसाधारण पाहुण्याएवढी आहे, हा त्यात माझा गुण. मंत्री, शास्त्रज्ञ, निवृत्त न्यायमूर्ती, उद्योगपती, अशा किती जणांच्या जागी मी उभी राहिले असेन. ऑपरेटर काचेमागून स्पीकरवर हुकूम सोडतो. "मॅडम, जरा उजव्या अंगाला. आता मान वर. लय दमलेल्या दिसताव, कालच्या मंत्र्यासारख्या."

हा आमचा ऑपरेटर उलव्याकडचा. त्याच्या घरची मिठागरं होती, तिथे आता इमारती आहेत. सभागृह उघडलं तेव्हापासून तो आहे आणि मीही आहे, त्यामुळे त्याला माझी भीती नाही. तो कामावर येतो तो रस्ता विमानतळाच्या आणि इमारतींच्या कामांमुळे सारखा खोदलेला असतो. आज कुठून आलास म्हणून विचारलं की तो म्हणतो, जिथून जाऊ दिला तिथून आलो.

पदवीदानाच्या तालमीत पदकं वापरायची नाहीत, हाही माझाच नियम. रेशमी फितीला एकदा घडी पडली की ती जात नाही. म्हणून तालमीत मी माझं ओळखपत्र गळ्यातून काढते आणि पदक समजून मुलांच्या गळ्यात घालते. मुलं हसतात. मी म्हणते, हसा, पण कॅमेऱ्याकडे बघून हसा.

गेल्या पदवीदानाच्या वेळी मी थकलेली होते. तब्येत ठीक होती. पण त्या हंगामात परिसंवाद, स्नेहसंमेलन, दोन परिषदा आणि कोणा कोणाचे निरोप समारंभ असं एकामागून एक चालू होतं, आणि प्रत्येकात तीच शाल, तोच नारळ, तेच 'मी आपला जास्त वेळ घेणार नाही'. सकाळी सभागृहाचं दार उघडताना आज काय आहे हे मला फलक वाचून कळायचं. घरी मुलगा म्हणायचा, आई, तू आता जेवायला बोलावतानासुद्धा 'कृपया आसनस्थ व्हा' म्हणशील.

तालमीच्या दिवशी मुलांचं येणं, वाकणं, पदक घेणं, डावीकडून उतरणं असं सगळं दोनदा झालं आणि मी काचेच्या खोलीत येऊन बसले. तेवढ्यात दारात एक बाई आल्या. डोक्यावरून ओढणी, हातात पर्स घट्ट धरलेली. त्यांच्यामागे रसायनशास्त्राची सुवर्णपदकाची मुलगी होती, आणि ती आईचा दंड धरून त्यांना मागे ओढत होती. मघाशीच माझं ओळखपत्र गळ्यात घालून गेलेली, म्हणून मी तिला ओळखलं.

बाई पनवेलच्याच, बाजारात त्यांच्या दिराचं बांगड्यांचं दुकान. मुलीचे वडील आखातात एका मोठ्या इमारतीत इलेक्ट्रिशियन आहेत, आणि गेली बरीच वर्षं तिकडेच. या वेळी सुट्टी मिळाली नाही. त्यांना तिथे कामावर फोन हातात घ्यायला बंदी आहे, फक्त सकाळच्या चहाच्या सुट्टीत घेता येतो. ती सुट्टी आपल्याकडे साडेबाराला सुरू होते आणि अर्ध्या तासात संपते. बाईंचं म्हणणं एवढंच होतं की मुलीच्या गळ्यात पदक पडेल ते त्या अर्ध्या तासात पडावं, आणि लाइव्हवर दिसावं.

मी सांगितलं की सगळं रेकॉर्ड होतं, आठवड्याभरात मिळतं, त्यांना रात्री निवांत बघता येईल.

"रेकॉर्डिंग नको मॅडम," बाई म्हणाल्या. "मोठीचं लग्न त्यांनी रेकॉर्डिंगमध्ये बघितलं. माझी सासू गेली, ती मय्यत पण मोबाइलवर दुसऱ्या दिवशी बघितली. घरात जे काय होतं ते त्यांना होऊन गेल्यावरच दिसतं. ही एक गोष्ट होत असताना बघू दे त्यांना."

मुलगी खाली बघत होती. ती म्हणाली, "अम्मी, मॅडमना शंभर कामं असतात."

मला खरंच शंभर कामं होती. पण पदकांचा क्रम माझ्याच हातात होता. मी कागद पुढे ओढला आणि रसायनशास्त्र सातव्या क्रमांकावरून पहिल्यावर घेतलं. अकराला कार्यक्रम सुरू, मग दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आणि कुलगुरूंचं प्रास्ताविक. हे सगळं नेहमीसारखं लांबलं तरी साडेबाराच्या सुमारास पदकं यायलाच हवीत. लांबणं मी आधीच धरलेलं असतं.

लोकांना मी नेहमी 'बघते' म्हणते. या नोकरीत 'होईल' हा शब्द वापरायचा नाही, हे मी फार आधी ठरवलेलं होतं. त्या दिवशी का कोण जाणे, मी म्हणाले, "होईल."

ऑपरेटरने खुर्ची फिरवून माझ्याकडे बघितलं. त्या दोघी गेल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुमी होईल बोललाव. आता काय खरा नाय."

पदवीदानाच्या दिवशी मुलं आणि पालक दहापासूनच भरले. मुलांच्या खांद्यावर विद्यापीठाची निळी उपरणी. पालकांनी कार्यक्रमपत्रिकेचे पंखे केले, कारण एसी चालू असला तरी एवढ्या माणसांना तो पुरत नव्हता. रसायनशास्त्राची मुलगी पहिल्या रांगेत होती, आई मधल्या रांगेत. आल्या आल्या बाईंनी काचेकडे बघून मान हलवली.

अकरा वाजून गेले. मुख्य पाहुणे मुंबईहून निघाले होते. त्यांच्या सहायकाचा फोन आला की ते सागरी पुलावरून उतरलेत. मग फोन आला की उलव्याच्या अलीकडे कंटेनर आडवा झालाय आणि दोन्हीकडचा रस्ता बंद आहे. ऑपरेटर म्हणाला, तो रस्ता आता तासभर तरी सुटत नाय, मी वलखतो त्याला. मी निवेदिकेला इशारा केला आणि स्वागतगीताच्या मुलींना मंचावर पाठवलं. त्यांनी गाणं म्हटलं. थोड्या वेळाने तेच पुन्हा म्हटलं, कारण त्यांचं तेवढं एकच बसवलेलं होतं.

मध्येच फाटकावरून फोन आला: "गाडी आली मॅडम, काळी." मी हात वर केला. ऑपरेटरने एसी बंद केला. कुलसचिव सर धावत पायऱ्या उतरून गेले, एनसीसीची मुलं ताठ झाली, ढोल वाजला. काळ्या गाडीतून एका पदवीधराचे मामा उतरले. एवढं स्वागत बघून ते गोंधळले आणि त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. एसी पुन्हा चालू केला, पण मधल्या वेळात आत भट्टी झाली होती, आणि ती निवायला बराच वेळ लागणार होता.

अशा वेळी माझ्या हातात काही नसतं. मुख्य पाहुण्यांशिवाय समई लागत नाही, समई लागल्याशिवाय काहीच सुरू होत नाही, आणि हे बदलायला मी कोण. मी काचेमागे उभी होते. मधल्या रांगेतल्या बाई अधूनमधून मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. बस लागेल की नाही हे बघायला माणूस स्टँडवरच्या खिडकीकडे बघतो, तसं.

साडेबारा झाले. बाईंच्या हातातला मोबाइल उजळला. म्हणजे तिकडे सुट्टी झाली होती आणि मुलीच्या वडिलांनी लिंक उघडली होती. त्यांना काय दिसत असेल ते मला माहीत होतं. विद्यापीठाचं बोधचिन्ह आणि 'कार्यक्रम लवकरच सुरू होईल'. हे वाक्यही मीच लिहिलेलं.

मी ऑपरेटरला म्हटलं, "लाइव्ह सुरू कर. मंचावर चाचणी घ्यायची आहे."

त्याने भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे बोट केलं. "सायबांनी सांगल्याशिवाय लाइव्ह चालू करायचा नाय. तुमीच लिवलाय."

"मी त्यांना विचारते."

कुलसचिव सर पोर्चमध्ये दोन्ही कानांना दोन फोन लावून उभे होते. मी म्हटलं, सर, पाहुणे येईपर्यंत कॅमेऱ्याची चाचणी घेऊन टाकते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घ्या हो, काय घ्यायचं ते घ्या." लाइव्ह हा शब्द मी उच्चारला नव्हता आणि त्यांनीही विचारला नाही. परत येऊन मी ऑपरेटरला म्हटलं, सर हो म्हणाले.

"काय हो म्हनाले?"

"तू कॅमेरा बघ. आवाज पाठवू नकोस, नुसतं चित्र."

मी मंचावर गेले आणि माइकवरून सांगितलं की प्रकाशयोजनेची चाचणी आहे, पहिल्या पदकाच्या विद्यार्थिनीने विंगेत यावं. सभागृहात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. लोक वारा घेत होते, मुलं मोबाइलवर होती. मुलगी पायऱ्या चढून विंगेत आली आणि विचारू लागली की पुन्हा तालीम कशाला.

मी म्हटलं, "कॅमेरा चालू आहे. तिकडे दिसतंय."

तिने कॅमेऱ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "पण मॅडम, हे खरं नाहीये."

"नाही. खरं झालं की पुन्हा घे. आत्ता हे घे."

मी मंचाच्या मध्यावर जाऊन पाहुण्यांच्या जागी उभी राहिले. मागे सहा सोफे, त्यांच्यापुढे नावाच्या पाट्या, पाण्याच्या बाटल्या, आणि बसलेलं कोणी नाही. ती विंगेतून निघाली. तालमीत कॅमेऱ्याकडे बघायला मीच सांगितलं होतं, ते ती इतकं मनापासून करत होती की पायाखाली बघतच नव्हती. गाणाऱ्या मुलींसाठी जादा माइक लावला होता, त्याची वायर मंचावर आडवी पडलेली होती. ती वायरवर पाय देणार तेवढ्यात मी पुढे होऊन तिचा कोपर धरला आणि कानाशी वाकून सांगितलं, वायर आहे, पाय देऊ नकोस. तिने पाय उचलून वायर ओलांडली. मी ओळखपत्र गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातलं. आम्ही दोघी कॅमेऱ्याकडे वळलो. ती हसत नव्हती. हनुवटी जरा वर करून नुसती बघत होती, दूरच्या माणसाकडे बघतात तशी. मी तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ उभं ठेवलं. सत्काराला पाहुणे जेवढा वेळ उभे राहतात तेवढा.

पहिल्या दोन-तीन रांगांतल्या मुलांनी उगाच टाळ्या वाजवल्या. मी हाताने खूण केली, ती डावीकडून उतरली, आणि पडद्यावर पुन्हा बोधचिन्ह आलं.

खोलीत परतले तर बाई माझ्या आधी तिथे येऊन उभ्या होत्या. आभार मानायला आल्या असतील असं मला क्षणभर वाटलं.

"हे तुम्ही बरं नाही केलं मॅडम," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्यांनी अंगठा पाठवला, दुआ पाठवली आणि खुश होऊन कामावर गेले. आता संध्याकाळी मी काय सांगू? ते नाटक होतं म्हणून सांगू, की झूट बोलू? नसतं दिसलं तर नसतं दिसलं. आम्हाला त्याची सवय आहे."

वेळेचं बोलता आलं असतं, रस्त्याचं, कंटेनरचं. ती सगळी कारणं खरी होती. पण त्यांनी मला कारण विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "हो." त्या पर्स सावरत जागेवर परत गेल्या. ऑपरेटरने पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. तो म्हणाला, "पानी प्या मॅडम."

पाहुणे दीड वाजून गेल्यावर आले. एसी बंद झाला, समई लागली, एसी चालू झाला. सत्कार झाले. पाहुण्यांनी उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि रस्त्यांवर थोडं बोलले, मग बरंच बोलले. पदकं सुरू झाली तेव्हा तिकडची चहाची सुट्टी कधीच संपून गेलेली होती. आणि मुलीला खरं पदक मिळालं तो क्षण कॅमेऱ्यात आला तो असा: पाहुण्यांबरोबर आलेले चौघे फोटो काढायला मंचापुढे सरसावले, त्यांना बघून आपले दोघे फोटोग्राफर सरसावले, आणि सगळ्या पडद्यावर माणसांच्या पाठी. मधून पाहुण्यांची थोडी पगडी, निळ्या उपरण्याचं टोक. मी वॉकीटॉकीवर ओरडले, 'बाजूला व्हा, बाजूला व्हा'. पहिल्या पदकाला असंच होतं. पुढच्या पदकांना लोक कंटाळून खाली बसतात आणि मग सगळ्यांचं छान दिसतं. ही गोष्ट मला माहीत होती. तिला सातव्यावरून पहिल्यावर आणताना ती माझ्या डोक्यात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुलसचिव सरांनी बोलावून विचारलं की कार्यक्रम सुरू होण्याआधी लाइव्ह कोणी सुरू केलं, काही पालकांचे फोन आले होते, चित्र दिसून गेलं म्हणून. मी म्हटलं, चाचणी होती सर, तुम्हीच हो म्हणालात. ते म्हणाले, पुढच्या वेळी लेखी घ्या. तेही मी भिंतीवर लावलं.

माझं ओळखपत्र मात्र परत आलं नाही. त्या गडबडीत ते मुलीच्या गळ्यातच राहिलं होतं. मग रोज सकाळी फाटकावर वहीत सही करून आत जायचं. रखवालदार मला रोज बघतो, माझ्या मुलाच्या लग्नाचं विचारतो, आणि वही पुढे करतो. तुमचाच नियम आहे मॅडम, म्हणतो.

आठवडा गेला असेल. शिक्षकांच्या कसल्याशा प्रशिक्षणासाठी मी मंचावर खुर्च्या मांडून घेत होते, तेव्हा बाई आल्या. या वेळी एकट्याच. त्यांनी पर्समधून ओळखपत्र काढलं. फीत धुऊन इस्त्री केलेली होती.

"हे राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "माफ करा, जरा उशीर झाला. मुलगी ते कपाटाला अडकवून बसली होती."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या पहिल्या रांगेत बसल्या, मीही शेजारी बसले. खरं तर मला बसायचंच होतं. संध्याकाळी काय झालं ते विचारायचं माझ्या मनात होतं, पण विचारवेना. त्यांनीच सांगितलं. फोन लागल्याबरोबर मुलीने आईच्या हातातून मोबाइल घेतला आणि वडिलांना सगळं खरं सांगून टाकलं. ते जे बघितलं ते खरं नव्हतं, ते मॅडमचं आयकार्ड होतं, खरं नंतर झालं आणि त्यात मी दिसतच नाही.

"मग?"

"मग हसायला लागले. म्हणाले, ते मला तेव्हाच कळलं. मागचे सोफे सगळे रिकामे. एवढं मोठं कॉलेज आणि सोफे रिकामे ठेवून कोण मेडल देतं?" बाईंनी ओढणी सारखी केली. "आवाज येत नव्हता, म्हणून बाजूला बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी विचारलं, मग तुम्हाला वाईट नाही वाटलं? तर बोलतात, वाईट कशाचं? मी बघत होतो तेव्हाच ती चालत होती ना. ते तर खोटं नव्हतं."

मी ओळखपत्र मांडीवर ठेवलं.

"मला अजून ते पटलेलं नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "मी खरंच सांगते. पण ते खुश आहेत. आता त्यांच्या खुशीवर मी काय बोलू."

मी म्हटलं, नका बोलू. एवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. "एक विचारत होते. रोज विचारतात. मॅडम तिच्या कानात काय बोलल्या? मोठे लोक मेडल देताना काहीतरी नसीहत करतात, त्यांना वाटलं तसंच काहीतरी असेल. ही सांगायला लाजत होती. शेवटी परवा सांगितलं तिने. वायरवर पाय देऊ नको बोलल्या."

"काय म्हणाले?"

"त्यांचं काम तेच आहे ना. म्हणाले, बरोबर बोलल्या. तिकडे सगळ्यांना सांगतायत, बघा, आमच्या युनिव्हर्सिटीत मेडल देताना सुद्धा वायर बघतात."

जाताना त्यांनी मोबाइल काढून एक फोटो दाखवला. वडिलांच्या शेजारी बसलेल्या कोणीतरी त्या वेळचं चित्र पकडून ठेवलं होतं, आणि ते तिकडून इकडे सगळ्या नातेवाइकांत फिरून आलं होतं. चित्र बारीक आणि जरा फुटलेलं. मी त्यांना ते पाठवायला सांगितलं नाही, पण त्यांनी स्वतःहून पाठवलं.

त्या गेल्यावर मी ते मोठं करून बघितलं. इतकी वर्षं या मंचावर उभी राहिले, पण इथला माझा फोटो हा पहिलाच. मी चांगलीच दमलेली दिसते. ऑपरेटर म्हणतो त्यात अतिशयोक्ती नाही. साडीची निरी एका बाजूला गेलीये, केस दुसऱ्या बाजूला. मुलगी मात्र छान उभी आहे. आणि आम्हा दोघींच्या पायाशी, फोटोच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, ती काळी वायर, पट्टी न लावता तशीच.

समोर मंचावर प्रशिक्षणाच्या खुर्च्या लागल्या होत्या. जादा माइकही लागला होता. मी ओळखपत्र गळ्यात घातलं आणि काचेकडे वळून ऑपरेटरला पिवळी चिकटपट्टी घेऊन खाली यायला सांगितलं.